बर्फावर मीठमोहऱ्या

त्या साली डिसेंबरात मद्रासला बर्फावरचा खेळ आला आणि एग्मोरच्या आमच्या गल्लीतल्या मराठी मंडळींची डोकी फिरली. त्यातल्या त्यात सर्वांत आधी कुणाचं फिरलं असेल तर रेल्वेच्या ऑफिसातल्या शेषगिरीरावांचं. हेडक्लार्क माणूस, वय पंचेचाळीस, कमरेत चमक, स्वभावाने इतका सावध की पाऊस नसला तरी छत्री घेऊन आणि असला तर दोन घेऊन निघायचा. त्यांना आपलं डोकं फिरलं आहे हे शेवटपर्यंत मान्य नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

सेंट्रल स्टेशनापलीकडच्या मैदानात मोठा तंबू ठोकला होता. आत जमिनीवर नळ्या पसरून, यंत्राने गारठवून, चांगला लग्नाच्या मांडवाएवढा बर्फ केला होता. मद्रासच्या माणसाला बर्फ माहीत तो सोड्याच्या दुकानातला, भुसा लावलेला. त्यावर माणसं नाचतात म्हटल्यावर शहर लोटलं. वरच्या मजल्यावरचे वसंतराव, बँकेतले, मूळचे पुण्याचे आणि म्हणून सर्व विषयांतले जाणकार, ते म्हणाले, "शेषगिरीराव, नीट कपडे करून चला हं. बर्फ म्हणजे थट्टा नाही. न्यूमोनिया होतो." तेव्हा सगळी मंडळी माकडटोप्या, मफलर आणि एकेक घोंगडी घेऊन तंबूत जाऊन बसली आणि पहिल्या अर्ध्या तासातच घामाने चिंब झाली. बर्फ खाली होता, हे बरोबर. पण वर मद्रास होतं.

मग दिवे मंद झाले आणि आनेली आली. कुठल्याशा युरोपातल्या डोंगराळ गावची पोर, सोळा वर्षांची, काडीसारखी. पांढरा झगा, पायात पात्यांचे बूट. ती धावत आली म्हणावं तर पाय उचललेले दिसेनात. मधोमध येऊन तिने एक पाय मागे उचलला, तो हाताने डोक्यापर्यंत ओढून धरला आणि एका पात्यावर जी गरगर फिरायला लागली, की तिचं नाक कुठं आणि वेणी कुठं तेच कळेना. शेषगिरीरावांच्या शेजारी त्यांच्या आत्या, राजसबाई बसल्या होत्या. तंजावरच्या जुन्या घराण्यातल्या, मराठीसुद्धा दोनशे वर्षांपूर्वीची. त्यांनी भाच्याचं मनगट असं काही घट्ट धरलं की बांगडी असती तर पिचली असती. "अय्यो, शेषू! पोर पडते रे!"

पोर पडली नाही. थांबली, वाकली आणि हसली. लोकांच्या टाळ्या पडल्या आणि थांबल्या, तरी एकच टाळी आपली वाजतच होती. सगळा तंबू मागे वळून बघू लागला, तेव्हा ती टाळी आपली आहे हे शेषगिरीरावांच्या लक्षात आलं.

त्यानंतर गल्लीत दुसरा विषय नाही. संध्याकाळी शेषगिरीरावांच्या ओट्यावर बैठक भरायची आणि आनेलीच्या पायाचा कोन या विषयावर लोक हमरीतुमरीवर यायचे. गल्लीतल्या अकरा मराठी घरांतून कुणी ना कुणी रोज खेळाला जायचंच. एका रविवारी तर ओटा नुकताच पाणी टाकून धुतलेला होता आणि वसंतराव म्हणाले की ती पाय डावीकडून उचलते. शेषगिरीरावांनी "अहो, उजवीकडून, हे असं" म्हणून नुसतं दाखवायला पाय उचलला. पुढचे चार दिवस ते ऑफिसात काटकोनात बसत होते. कृष्णवेणीबाई त्यांच्या कमरेला तेल चोळताना एवढंच म्हणाल्या, "झगा तेवढा राहिला." नवऱ्याचा इतका अपमान त्यांनी लग्नातसुद्धा केला नव्हता.

आणि मग शुक्रवारी आनेली पडली. मधोमध, फिरताना, धाडकन. शनिवारी पुन्हा पडली. उठली, हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. तिकिटाच्या खिडकीवरून बातमी आली, की उद्या, रविवारी शेवटचा खेळ आहे. मॅनेजर म्हणतो, आनेलीची गिरकी काढून टाकायची. ती खेळातली दुसरी एक थोराड बाई करील आणि पोरीला सरळ घरी पाठवून द्यायचं.

त्या रात्री गल्लीत कुणी नीट जेवलं नाही.

"दृष्ट," राजसबाई म्हणाल्या. "दुसरं काहीं नव्हे."

"काहीतरीच काय," वसंतराव म्हणाले. "सराव कमी पडला असेल. किंवा जीवनसत्त्वं."

"तुम्ही गप्प बसा हो. मज ठावं आहे." राजसबाईंनी सगळ्या बैठकीवरून नजर फिरवली. "वैऱ्याची दृष्ट उशिरा लागते. मायेची आधी लागते. लेकराला पहिली दृष्ट आईची, हें तुम्हांस कुणी शिकवलं नाहीं काय? कोण रोज आ करून बघत होतं तिजकडे? हा शेषू! आणि ही कृष्णवेणी! आणि तुम्ही सगळे! आपणच पाडली पोरीला."

आपण जिच्यावर जीव टाकला तिला आपल्याच डोळ्यांनी पाडलं, हे शेषगिरीरावांना इतकं लागलं की ते उठून आत गेले आणि पाणी पिऊन परत आले. "आत्या," ते म्हणाले, "उपाय सांग."

उपाय सरळ होता. दृष्ट काढायची. पण आत्यांचा नियम कडक: ज्याची दृष्ट, त्याच्या घरचं मीठ. एका घराने अकरा घरांची दृष्ट काढली तर दहा घरांची तशीच राहते. तेव्हा अकरा घरांतून मूठमूठ खडेमीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. आणि जिथं पडली तिथंच काढायची, अगदी बर्फाच्या मधोमध.

रविवारी सकाळी शेषगिरीराव कोट चढवून मॅनेजरपुढे उभे राहिले. वीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला इंग्रजी येतं, पण एकाच प्रकारचं. "कुमारी आनेली यांच्या दिनांक शुक्रवार व शनिवारच्या पडण्याच्या संदर्भात," त्यांनी सुरुवात केली, "खाली सही करणारा आपल्या दयाळू विचारार्थ कळवू इच्छितो की..." मॅनेजर घाबरला. त्याला वाटलं सरकारी नोटीस आली. मग त्यात 'रेशमी साड्यांतल्या बायका' आणि 'जुना धार्मिक विधी' असे शब्द ऐकू आले, तसा त्याचा चेहरा उजळला. शेवटच्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो! त्याने लगेच हो म्हटलं.

पण मॅनेजरने हो म्हटल्याने काही होत असतं तर देशात खाती कशाला असती? तंबूला आगीचा धोका म्हणून एक अधिकारी दाराशी नेमून ठेवला होता. कृष्णस्वामी त्याचं नाव, माणूस भला, पण नियम पाठ असलेला. मंडळींनी आणलेले निखारे बघून तो आडवा आला.

"सार, आत विस्तव न्यायचा नाही."

"अहो, एवढंसं शेगडं आहे. मीठमोहऱ्या त्यात टाकायच्या, तडतडल्या की झालं," शेषगिरीराव म्हणाले.

"शेगडं कशावर ठेवणार?"

"बर्फावर."

कृष्णस्वामी विचारात पडला. लाकडावर विस्तव, कापडाजवळ विस्तव, तेलाशेजारी विस्तव, सगळ्याला नियम होते. बर्फावरच्या विस्तवाला नियम नव्हता आणि ज्याला नियम नाही त्याला परवानगी देणं म्हणजे नोकरी घालवणं. "वर लिहून विचारतो," तो अतिशय प्रेमाने म्हणाला. "पोंगलपर्यंत उत्तर येईल."

पोंगल म्हणजे आपली संक्रांत; तोपर्यंत पोर आपल्या देशी पोचून तिचे बूट गंजले असते. पण राजसबाई हार मानणाऱ्या नव्हेत. "विस्तव नाही तर नाही. आमच्याकडे पाण्यातही विरघळवतात. बर्फ म्हणजे पाणीच की. टाकूं तिथंच."

इथं खरं तर कुणीतरी थांबवायला हवं होतं. शेषगिरीरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी वसंतरावांना बाजूला घेतलं. "काय हो, बर्फावर मीठ चालतं ना?"

"चालतं? अहो, उत्तम!" वसंतराव म्हणाले. "साधं शास्त्र आहे. आपण आइस्क्रीमचं पॉट फिरवतो तेव्हा बर्फात काय घालतो? मीठ! का? तर बर्फ आणखी गार होतो. उलट त्यांच्यावर उपकारच होतील. मद्रासच्या उकाड्यात बर्फ दगडासारखा राहील."

प्रत्येकाने जन्मात कधी ना कधी पॉट फिरवलेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ते बर्फाचं यंत्र सांभाळणारा मेकॅनिक, ज्याने हे ऐकलं असतं तर किंकाळी फोडली असती, तो नेमका जेवायला गेला होता. जगातले बहुतेक अनर्थ जाणती माणसं जेवायला गेलेली असताना होतात.

दृष्ट काढायची म्हणजे पायांत वहाणा चालायच्या नाहीत. अकरा घरच्या बायका नऊवारी रेशमी लुगडी नेसून अनवाणी बर्फावर उतरल्या आणि "आई ग!", "अय्यो!" करत टुणूटुणू उड्या मारत मधोमध निघाल्या. फोटोग्राफरला यातला कुठला भाग विधीचा आणि कुठला थंडीचा ते कळेना, त्याने सगळेच फोटो काढले. शेवटी पोती पसरली, त्यावर मंडळी उभी राहिली.

आनेली लोकरीचा स्वेटर घालून आली. नाक लाल, डोळे सुजलेले. जवळून बघितल्यावर ती इतकी लहान दिसत होती की शेषगिरीरावांनी तयार केलेलं भाषण तसंच खिशात परत घातलं. राजसबाईंनी तिला समोर उभी केली, मूठ वळली आणि वरपासून खालपर्यंत ओवाळत म्हणाल्या, "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, ह्या शेषूची..." आणि मूठ बर्फावर उलटी केली. मग दुसरी, मग तिसरी. पोर आधी ओठ दाबून हसत होती. पण अकराव्या मुठीनंतर राजसबाईंनी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडकड बोटं मोडली, तेव्हा तिला काय झालं कोण जाणे. तिने त्या म्हातारीच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडली. घरापासून एवढ्या लांब, दोनदा पडलेली, आणि कुणी विचारपूस केलेली नाही. कृष्णवेणीबाईंनी पदराने डोळे पुसले. शेषगिरीराव तंबूच्या छताकडे फार लक्षपूर्वक बघू लागले.

तेवढ्यात मेकॅनिक जेवून आला.

तो कुठल्या भाषेत ओरडला ते कुणाला समजलं नाही, पण अर्थ समजला. पोत्यांच्या आजूबाजूला, बरोबर मधोमध, बर्फाला भोकं भोकं पडून त्याची रव्याची खीर झाली होती. त्याने फावड्याने खीर उपसली, वरून पाणी सोडलं. पाणी गोठेना. मीठ खाली झिरपलं होतं. आता तो सगळा तुकडा खोदून काढायचा, गोडा बर्फ कुटून भरायचा, तर संध्याकाळपर्यंत काही आशा. आणि तेवढा जादा बर्फ तंबूत नव्हता.

"मग प्रश्नच मिटला," मॅनेजर म्हणाला. "मधोमध खड्डा असताना गिरकी कशी घेणार? आजचा तिचा कार्यक्रम रद्द."

आनेली कडेच्या बाकावर बसून बुटांचे बंद सोडू लागली.

वसंतराव हळूच म्हणाले, "शास्त्र चुकलं नाही हो. पॉटमधलाही बर्फ वितळतोच. फक्त तेव्हा आपलं लक्ष आइस्क्रीमकडे असतं."

शेषगिरीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुण्याचा माणूस आयुष्यात प्रथमच गप्प बसला. मग ते मेकॅनिककडे वळले. "किती बर्फ लागेल?"

"हातगाडीभर."

"आणतो," शेषगिरीराव म्हणाले. "तिला म्हणावं, बंद सोडू नकोस."

बोलायला काय जातं! रविवार होता. बर्फाच्या वखारींना कुलपं. सोड्याच्या दुकानातून उशीएवढा एक तुकडा मिळाला, तोही तंबूपर्यंत येईतो विटेएवढा झाला. एका लग्नघरात सरबतासाठी बर्फ आणला होता, तिथं शेषगिरीराव आणि बरोबर निघालेले वसंतराव वरपक्षाकडचे समजून त्यांना पानावर बसवायला लागले. शेवटी कुणीतरी सांगितलं, की आज बर्फ एकाच ठिकाणी मिळेल, चिंताद्रिपेटच्या मासळीबाजारात.

शेषगिरीराव जिथं उभे होते तिथंच उभे राहिले. सात पिढ्यांत त्यांच्या घरात कुणी त्या रस्त्यानेसुद्धा गेलं नव्हतं. वसंतरावांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "तत्त्वतः बर्फ निर्जीव असतो." या एका वाक्यासाठी शेषगिरीरावांनी त्यांना सकाळचं सगळं माफ केलं.

बाजारात एक कोळीण बर्फाच्या ढिगावर बसली होती. तिने या दोघांना, त्यांच्या कपाळावरच्या गंधाला आणि काठीसारख्या ताठ मानांना एकदा बघून घेतलं.

"एवढा बर्फ? मासा कुठला आहे, सामी?"

"मासा नाही," शेषगिरीराव घाम पुसत म्हणाले. "मुलगी आहे."

कोळणीने शेजारणीला हाक मारली. मग बरंच समजावून सांगावं लागलं.

हातगाडी भरली, वर गोणपाट टाकलं. गाडीवाला पुढून ओढतोय, मागून नेसूची वेष्टी वर खोचून शेषगिरीराव ढकलताहेत, कमरेची चमक बोंबलतेय, गाडीखालून ठिबक ठिबक पाण्याची रेघ आणि त्या रेघेमागून वाटेतली झाडून सारी मांजरं. अशी मिरवणूक एग्मोरच्या पुलावर आली आणि समोरून देवळातून परतणारे राघोत्तमाचार आले. हे शेषगिरीरावांचे ऑफिसातले सुपरिंटेंडेंट. कडक वैष्णव, इतके सोवळे की फाइलसुद्धा धुऊन हातात घेतील.

"शेषगिरी? हें काय?"

"बर्फ आहे, सर."

आचारांनी नाक आक्रसलं. "ह्याला वास कसला?"

"समुद्राकडचा आहे, सर," शेषगिरीराव म्हणाले. आचारांनी मांजरांकडे पाहिलं. मांजरांनी आचारांकडे पाहिलं. मग आचार उलट पावली देवळाकडे निघाले, बहुधा पुन्हा स्नान करायला. शेषगिरीरावांना दिसलं, की आपली पुढची बढती त्यांच्याबरोबर चालत चालली आहे. एक क्षण वाईट वाटलं. पण बर्फ ठिबकत होता. त्यांनी गाडीला खांदा दिला.

तंबूत तोवर बायकांनी घराघरांतले बत्ते आणि वरवंटे आणून ठेवले होते. अकरा घरांनी बर्फ कुटला. ज्या वरवंट्यांनी आजवर फक्त चटण्या वाटल्या त्यांनी मासळीबाजारचा बर्फ कुटला आणि राजसबाई "उद्या गोमूत्र शिंपडूं, आज कुटा!" म्हणून ओरडत होत्या. आनेलीही बाह्या वर करून खाली बसली आणि कुटू लागली. मेकॅनिकने खड्डा भरला, पाणी मारलं, यंत्र घुरघुरलं. सूर्य मावळायच्या सुमाराला तो तुकडा गोठून घट्ट झाला. रंग जरा मळकट आणि दिव्याच्या उजेडात मध्येच एखादा खवला चकाकायचा. मॅनेजरने वाकून हुंगलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "ठीक आहे. फिरू दे तिला."

अकरा घरं ओळीने पुढच्या बाकांवर बसली. अंगाला वास येत होता, शेजारचा एक शेट्टियार व्यापारी जरा सरकून बसला. तेवढ्यात राजसबाईंनी ओळीवर हुकूम सोडला.

"दृष्ट काढली. आतां पुन्हा लावूं नका. ती फिरायला लागली की कुणीं बघायचं नाहीं."

"आत्या!" शेषगिरीराव जवळजवळ रडकुंडीला आले. "अग, शेवटचा खेळ! एवढं केलं ते कशासाठी?"

"तिनें फिरावं म्हणून केलंस, कीं तुज बघायला मिळावं म्हणून?"

वसंतराव कुजबुजले की याला शास्त्रात काडीचा आधार नाही, आणि सर्वांत आधी त्यांनीच डोळे मिटले.

दिवे मंद झाले. वाद्यं सुरू झाली. शेषगिरीरावांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट दाबले. आता नुसता आवाज. पाती बर्फावरून सुर्र सुर्र करत लांब गेली, जवळ आली, पुन्हा लांब. मग मधोमध आली आणि आवाज बदलला, जरा खरखरीत झाला. तुकडा! ती त्या तुकड्यावर होती. बोटं एवढीशी फाकली असती तरी दिसलं असतं. शेषगिरीरावांनी बोटं आणखी आवळली. खरखर वाढत गेली, वाढत गेली आणि एकदम थांबली. तंबूत कुणी हूं की चूं करेना.

"पडली का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मला काय ठाऊक?" शेजारून कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "मी कुठं बघतेय?"

आणि तंबू कोसळला. म्हणजे टाळ्यांनी. लोक बाकांवर चढले, पायांनी फळ्या वाजवू लागले, शिट्ट्या, आरोळ्या! पडलेल्या माणसाला असं कुणी करत नाही.

"आतां उघडा," राजसबाई म्हणाल्या.

शेषगिरीरावांनी डोळे उघडले, तेव्हा गिरकी संपली होती. सगळ्या मद्रासने ती पाहिली होती. शेट्टियाराने पाहिली, कृष्णस्वामीने दारातून पाहिली, शेंगदाणे विकणाऱ्याने पाहिली. आणि आनेली बर्फावरून थेट त्यांच्याच ओळीकडे येत होती. कठड्याला धरून उभी राहिली, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले, तोंड इतकं फुललेलं की दिवा लावायची गरज नव्हती. तिच्या मोडक्या इंग्रजीत तिने शेषगिरीरावांना विचारलं,

"पाहिलंत? तुम्ही पाहिलंत ना?"

"अहो, पण हे तर सगळे..." शेट्टियाराने तोंड उघडलं. राजसबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला, सगळा भार टाकून.

"पाहिलं, बाळ," शेषगिरीराव म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही. "सगळं पाहिलं."